हाय-रेझ की सीडी? घरच्या घरी कानांची परीक्षा

काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. जवारी (घोडीवर तारेला मिळणारी नेमकी बैठक) नीट लागली असेल तर त्याच तारेतून स्वयंभू गंधार वर येतो, ३४६ हर्ट्झच्या आसपास. ज्या नादासाठी आपण जीव टाकतो तो हा. माणसाच्या कानाची वरची हद्द धरली जाते २० किलोहर्ट्झ. या तारेला तिथवर पोचायचं तर जवळजवळ २९०व्या सहायक नादापर्यंत, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या २९० पटीपर्यंत, चढावं लागेल. हे गणित वहीत मांडलं त्या दिवसापासून हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांच्या, फायलींकडे बघायची माझी नजर बदलली.

त्याआधी मी पक्का हाय-रेझवाला होतो. एका ख्यालगायनाच्या अल्बमची सीडी माझ्याकडे वर्षानुवर्षं होती, त्याचीच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल विकत घेतली. दोन्ही आलटून पालटून ऐकल्या. नव्या फाइलमध्ये गळा मोकळा वाटला, तबल्याची चाट जास्त स्वच्छ वाटली. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. मग एका रविवारी दोन्ही फायली संगणकावर उघडून मोजल्या. नवी फाइल सरासरी दीड डेसिबलने मोठी होती, आणि तिचं मास्टरिंगही (अल्बम बाहेर काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) वेगळ्या हाताने झालेलं उघड दिसत होतं. म्हणजे मी फॉरमॅटची तुलना करतच नव्हतो. दोन वेगळ्या गोष्टी ऐकत होतो आणि श्रेय आकड्यांना देत होतो.

हा लेख ती तुलना नीट कशी करायची यासाठी आहे. माझं मत लपवत नाही: मास्टर एकच असेल आणि आवाजाची पातळी काटेकोर जुळवली असेल, तर सीडी दर्जा आणि हाय-रेझ यांतला फरक मला ओळखता येत नाही. पण माझ्या कानांवर विश्वास ठेवून तुम्ही पैसे खर्च करू नका किंवा वाचवूही नका. एक मोकळी संध्याकाळ काढा आणि खालची चाचणी करा.

आधी आकडे कशाचे आहेत ते पाहू

सीडीचं मानक सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लाटेची मोजमापं, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. ४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. सेकंदाला ५० फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरण्याजोग्या २९४ रेघा, प्रत्येक रेघेवर ३ नमुने. गुणाकार करून बघा.

नमुन्यांच्या संख्येवरून एकच गोष्ट ठरते: सगळ्यात उंच कोणता स्वर साठवता येईल. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे सीडीत २२.०५ किलोहर्ट्झपर्यंत. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ४८ पर्यंत. जाहिरातीत सीडीची लाट पायऱ्यांसारखी आणि हाय-रेझची गुळगुळीत दाखवतात, ते चित्र साफ चुकीचं आहे. डॅकमधून, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणारी लाट दोन्हीकडे गुळगुळीतच असते. २२ किलोहर्ट्झच्या आतली लाट दोन्ही फायली सारख्याच नेमकेपणाने उभी करतात. जास्त नमुने घेतल्याने खालचे स्वर आणखी बारकाईने उमटत नाहीत.

बिटांवरून ठरतो तळाचा खरखराट किती खाली आहे ते. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आवाजापासून तळापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, २४ बिटांत कागदावर १४४. कागदावर म्हणतो, कारण चांगल्यात चांगले डॅकसुद्धा १२०-१३० च्या आसपास थांबतात. आता आपल्या खोलीचा विचार करा. पंखा चालू असलेल्या शहरातल्या खोलीत ३५-४० डेसिबलचा आवाज आधीच भरलेला असतो. सीडीचा तळ कानी पडायचा तर गाणं इतकं मोठं लावावं लागेल की शेजारी दार वाजवतील आणि आपले कानही दुखतील.

पहिली पायरी: कान कुठवर पोचतात ते मोजा

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, पुढेही तेच लागणार आहे. त्यात जनरेट मेनूमधून टोन निवडा. आधी १ किलोहर्ट्झचा सूर बनवा, तीव्रता ०.१ इतकीच ठेवा आणि हेडफोनवर तो सहज, हळू ऐकू येईल इतका आवाज लावा. आता आवाजाचं बटण न हलवता ८, १०, १२, १४, १५, १६, १७ असे सूर ऐकत जा.

एक सूर ऐकू आला नाही म्हणून आवाज वाढवायचा नाही. हे मी कळकळीने सांगतो. न ऐकू येणारा सूरही कानाच्या पडद्यावर आणि ट्वीटरवर (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) तेवढाच जोर लावत असतो.

वय वाढतं तशी वरची हद्द खाली येते, हा शरीराचा साधा नियम आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेकांना १४-१५ च्या पुढे काही मिळत नाही. माझे कान १४ ला थांबतात. घरातल्या कॉलेजातल्या मुलीला १७ सहज ऐकू येतो, त्या सुराला तिने कान झाकले तेव्हा मला कळलं की तो वाजतोय. तुमचा आकडा वहीत लिहून ठेवा. सीडी २० च्याही वर पोचते हे त्याच्या शेजारी लिहा.

दुसरी पायरी: फाइल कानापर्यंत पूर्ण पोचते का?

इथे बरेच जण फसतात. हाय-रेझचं सदस्यत्व घेतलेलं असतं आणि ऐकणं चालतं ब्लूटूथवर. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटांचा. ब्लूटूथवरच्या नावाजलेल्या एलडॅक कोडेकची (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीची) कमाल आहे ९९०, तीही सिग्नल उत्तम असताना. एसबीसी आणि एएसी हे नेहमीचे कोडेक त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे बहुतेक ब्लूटूथ हेडफोनवर हाय-रेझ आणि सीडी दोन्ही पिळून, गाळूनच पोचतात. चाचणीसाठी तार हवीच.

तार लावली तरी काम संपत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणून मगच बाहेर सोडला जातो. ॲपलचं छोटं लाइटनिंग ॲडाप्टर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. विंडोजमध्ये साउंड सेटिंगमध्ये जो दर निवडला असेल, त्यात प्रत्येक फाइल बदलून वाजते. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये तो दर हाताने ठरवावा लागतो. चाचणीसाठी संगणक, यूएसबीवर चालणारा साधा डॅक आणि तारेचे हेडफोन घ्या आणि यंत्रणेचा दर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असा बसवा. डॅक महागडा असण्याची गरज नाही. इक्वलायझर आणि आवाज ‘सुधारणारी’ सगळी सोय बंद करा.

तिसरी पायरी: फाइल खरोखर हाय-रेझ आहे का?

ऑडॅसिटीत फाइल उघडा, ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंपनसंख्येचा. खऱ्या ९६ च्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याच्या प्रत्येक थापेवर, झांजेच्या प्रत्येक ठोक्यावर रंगाची उभी रेघ २२ च्या पुढे चढते आणि विरत जाते. काही फायलींमध्ये मात्र २२ वर सुरीने कापल्यासारखी आडवी धार दिसते आणि वर मिट्ट काळोख. ती सीडीची फाइल आहे, मोठ्या डब्यात भरून विकलेली. मी घेतलेल्या फायलींत अशा दोन निघाल्या. पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही.

बिटांचा खोटेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण वजनावरून पकडता येतो. शेवटच्या ८ बिटांत नुसती शून्यं भरलेली असतील तर फ्लॅक (काहीही न गमावता फाइल लहान करणारा फॉरमॅट) ती ओळखून बाजूला काढतं आणि २४ बिटांची फाइल १६ बिटांच्या फाइलइतकीच हलकी निघते.

हे चित्र बघायची सवय लागली की रेकॉर्डिंगचा इतिहासही वाचता येतो. टीव्हीचे जुने संच जवळ असलेल्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात कधी कधी १५,६२५ हर्ट्झवर केसासारखी बारीक सरळ रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते. ती पिक्चर ट्यूबची शिट्टी. गायक, वादक, ध्वनिमुद्रक कुणालाच ती ऐकू आली नसेल, टेपने मात्र टिपली.

जुन्या टेपवरून केलेल्या हाय-रेझ फायलींबद्दल इथेच सांगून टाकतो. चांगल्या ॲनालॉग टेपची व्याप्ती ६०-७० डेसिबलच्या आसपास असते. लाखेच्या तबकड्यांची त्याहून बरीच कमी. अशा मूळ ध्वनिमुद्रणाला २४ बिटांत ठेवलं तर खालचे बिट टेपची खरखर साठवतात. नवीन हस्तांतर काळजीने झालं असेल तर ते जुन्या सीडीपेक्षा नक्की चांगलं वाजेल, पण ते श्रेय टेप नीट लावणाऱ्या माणसाचं. तेच हस्तांतर सीडी दर्जात उतरवा, तितकंच चांगलं वाजतं. याची खात्री करण्यासाठीच पुढची पायरी.

चौथी पायरी: एकाच फाइलपासून जोडी तयार करा

सगळ्या चाचणीचा गाभा हा आहे. बाजारातली सीडी आणि बाजारातली हाय-रेझ फाइल समोरासमोर ठेवू नका. खात्रीच्या हाय-रेझ फाइलमधूनच सीडी दर्जाची प्रत आपण बनवायची, म्हणजे मास्टर एकच राहील.

एक उतारा निवडा, वीस-तीस सेकंदांचा. मी तीन घेतो: एकटा तंबोरा आणि षड्ज लावणारा गळा, तबल्याची उठान, आणि भजनातले टाळ, कारण टाळांत वरची कंपनं खच्चून भरलेली असतात. तो उतारा ऑडॅसिटीत घ्या आणि ॲम्प्लिफायमधून उणे ३ डेसिबल करा. रूपांतरात शिखरं किंचित वर उसळतात, ती कापली जाऊ नयेत म्हणून ही जागा. आता प्रेफरन्सेसमध्ये क्वालिटीत जाऊन रूपांतराचा दर्जा ‘बेस्ट’ आणि डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक खरखराट) ‘शेप्ड’ आहे ना ते पाहा.

मग हा उतारा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा. ही पहिली फाइल. तोच उतारा ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट म्हणून एक्स्पोर्ट करा. ही झाली सीडी. आता ती सीडी फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये उघडून पुन्हा ९६, २४ मध्ये एक्स्पोर्ट करा. ही दुसरी फाइल. जे सीडीने गाळलं ते गेलंच, नुसतं डबा मोठा केल्याने परत येत नाही. पण दोन्ही फायलींचा दर आता सारखा, त्यामुळे बदलताना डॅक टिक् करत नाही आणि त्याचा दिवाही रंग बदलत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सोळापैकी सोळा बरोबर दिले होते. ते त्या टिक् आवाजामुळे.

हात लागलाच आहे तर आणखी एक प्रयोग करा. दोन्ही फायली एका प्रोजेक्टमध्ये घ्या, एक इन्व्हर्ट करा (म्हणजे तिची लाट उलटी होते), मिक्स करा. जे उरतं तो दोन्हींतला फरक, म्हणजे सीडीने टाकून दिलेलं सगळं. गाणं ज्या आवाजाला ऐकत होता त्याच आवाजाला ते ऐका. गाणं ओळखू येण्याइतकं काही वाजलं तर फायली एखाद्या नमुन्याने सरकल्या आहेत, त्या जुळवून पुन्हा करा. जुळल्या की हेडफोनमध्ये शांतता राहते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वायर निघाली की काय म्हणून तपासून पाहिली होती.

पाचवी पायरी: आंधळी चाचणी

विंडोजवर फूबार२००० आणि त्याचं एबीएक्स कम्पॅरेटर हे जोडसॉफ्टवेअर घ्या. ते अ, ब आणि एक गुप्त क्ष देतं. क्ष हा अ आहे की ब, एवढंच सांगायचं. शेवटपर्यंत निकाल दिसणार नाही असं ठेवा.

हे जमत नसेल तर घरातलं माणूस मदतीला घ्या. त्याने आधी सोळा वेळा नाणं उडवून छापा-काट्याची यादी कागदावर लिहायची. मनाने क्रम ठरवायचा नाही, माणसाला यदृच्छा क्रम सुचत नाही. त्याने संगणक तुमच्या पाठीमागे ठेवायचा, यादीप्रमाणे फाइल लावायची आणि काहीही बोलायचं नाही. ‘आता सांग’ हे शब्दही नकोत, स्वरातून कळतं. आमच्याकडे टेबलावर एक टिचकी मारायचं ठरलं होतं.

नियम सुरू करण्यापूर्वीच ठरवा. सोळा फेऱ्या म्हणजे सोळा. आठव्या फेरीला सात बरोबर आले म्हणून तिथे थांबणं ही स्वतःची फसवणूक आहे. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहून किंचित कमी, म्हणून बारा ही रेघ धरा. उतारा दहा-पंधरा सेकंदांचाच ऐका, आवाजाचा बारीक पोत कानाच्या स्मृतीत फार वेळ टिकत नाही. दर चार फेऱ्यांनंतर पाणी प्या, थोडं चालून या. आवाजाचं बटण एकदा ठरवलं की हलवायचं नाही: उतारा विरत असताना आवाज प्रचंड वाढवला तर १६ बिटांचा तळ ऐकू येऊ शकतो, पण तसं गाणं कुणी ऐकत नाही.

आणि खऱ्या चाचणीआधी सराव करा. त्याच उताऱ्याची ६४ किलोबिटची एमपीथ्री बनवून मूळ फाइलशी तुलना करा. टाळ पाण्यात बुडाल्यासारखे वाजतात, कुणालाही कळतं. मग १२८, मग ३२०. कान कशाचा माग काढतोय ते अशाने समजतं आणि चाचणी नीट बसली आहे याची खात्रीही होते. माझी १२८ वर टाळांच्या उताऱ्यात चौदा बरोबर आली, ३२० वर नऊ.

निकाल आला, आता त्याचा अर्थ

हाय-रेझ आणि सीडीच्या जोडीवर माझे तीन उताऱ्यांचे निकाल सात, नऊ आणि आठ. कॉलेजातल्या मुलीचा टाळांवर दहा. बाराला कुणी पोचलं नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच काम झालेलं आहे. मेयर आणि मोरन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सुपर ऑडिओ सीडीच्या (हाय-रेझ दर्जाच्या डिस्कच्या) वाटेत १६ बिट, ४४.१ चा टप्पा घालून श्रोत्यांना फरक विचारला. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणेफेकच. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, बारा हजारांहून जास्त फेऱ्या. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. एवढ्या फेऱ्यांत हा फरक योगायोगाचा म्हणता येत नाही, आणि आधी कसून सराव दिलेल्या श्रोत्यांत तो साठ टक्क्यांच्या आसपास गेला. दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. काहींना, काही परिस्थितीत, सरावाने काहीतरी जाणवत असावं. पण शंभरात दोन-तीनचा हा फरक आणि ‘पडदा बाजूला झाला’ ही जाहिरातीतली भाषा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तुम्हाला बारा किंवा जास्त आले तर अभिनंदन, पण आणखी एक तपासणी करा. पहिल्या फाइलला ऑडॅसिटीत हाय-पास फिल्टर लावा, २४ किलोहर्ट्झ, उतार ४८ डेसिबल. आता फाइलमध्ये जवळजवळ फक्त न ऐकू येणारी कंपनं राहिली. आवाज कमीच ठेवून ती वाजवा. काही ठळक ऐकू आलं, तर ते बहुधा गाणं नव्हे. तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा ट्वीटरमध्ये वरची कंपनं एकमेकांत मिसळून खाली उतरताहेत. तो यंत्राचा दोष आहे, आणि अशा यंत्रावर हाय-रेझ सीडीपेक्षा खराबच वाजणार.

मग पैसे कुठे लावायचे?

आधी मास्टरवर. एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या मिळतात, त्यांतली आवाजातले चढउतार कमी दाबलेली, श्वास घेणारी आवृत्ती शोधा. ती हाय-रेझ दुकानातच मिळत असेल तर खुशाल तिथून घ्या, मीही घेतो. फक्त पैसे कशाचे दिले ते माहीत असू द्या.

मग हेडफोन किंवा स्पीकर आणि खोली. उघड्या भिंतींच्या खोलीत स्पीकरमागच्या कोपऱ्यातून खर्ज घुमतो. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा, आपण आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण करा, समोरच्या नाहीतर बाजूच्या भिंतीला जाड पडदा किंवा गोधडी टांगा. आमच्याकडे आजीची गोधडी बाजूच्या भिंतीवर लागली त्या दिवशी तबल्याचा बायाँ पहिल्यांदा आटोपशीर ऐकू आला. तो फरक ओळखायला कुणाला डोळे बांधावे लागले नाहीत.

साठवणीचं म्हणाल तर सीडी दर्जाचं फ्लॅक पुरेसं. तासाभराचा राग सीडी दर्जात न दाबता सुमारे ६३५ एमबी घेतो, ९६/२४ मध्ये २ जीबीच्या वर, १९२/२४ मध्ये ४ जीबीच्या वर.

एका ठिकाणी मात्र २४ बिट मी सोडणार नाही: स्वतः ध्वनिमुद्रण करताना. घरची बैठक असो की गावाकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, पुढचा स्वर किती मोठा लागेल हे आधी माहीत नसतं. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांवर ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी लावा. अचानक तार सप्तकात गेलं तरी आवाज फाटत नाही, आणि नंतर पातळी वर घेतली तरी खालून खरखर वर येत नाही. ती मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. घरच्यांना ऐकायला पाठवाल ती १६ बिट, ४४.१ चीच पाठवा.